कंदिलाची पाचवी शेपटी

मिहिर संगणकाला अंदाज बांधता येत नव्हता आणि माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण होता. कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवताना एक ठोका जरी चुकला, तरी तो टीव्हीच्या पडद्यावर ‘चूक’ एवढा एकच शब्द लिहायचा आणि गप्प बसायचा. मग आपण मुकाट्याने कॅसेट मागे न्यायची, रेकॉर्डरचं डोकं कापसाने पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. हल्लीची यंत्रं असं करत नाहीत. तुम्ही अर्धं वाक्य बोलता, उरलेलं ती बोलतात. तुमच्याकडे जे नसतं ते तयार करून देतात आणि ते इतकं बेमालूम असतं की नव्हतं हे तुम्हीच विसरता.

आमचं सांगलीचं गृहसंगणक मंडळ १९८५ पासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वामनदादा आष्टेकरांच्या पुढच्या खोलीत भरतं. तेव्हा आम्ही पंचवीसेक जण होतो, आता सहा उरलोत, आणि त्यातले दोघे ऐकू येत नाही म्हणून सगळ्यालाच हसून मान डोलावतात. मी मंदाकिनी कुरुंदवाडे, मंडळाची चिटणीस. अठराव्या वर्षी आले आणि आता सत्तरीत आहे. चिटणीसपद माझ्याकडे इतकी वर्षं आहे, कारण ते दुसऱ्या कुणी मागितलेलंच नाही.

मिहिर म्हणजे कीबोर्डच्या पोटात बसवलेला अख्खा संगणक. त्याला घरचा टीव्ही जोडायचा आणि गाण्यांचा टेपरेकॉर्डर. मासिकांत प्रोग्रॅम छापून यायचे, पानंच्या पानं नुसत्या क्रमांक घातलेल्या ओळी. त्या हाताने टायपायच्या. हे काम आम्ही जोडीने करायचो. एकाने ओळ मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मान खाली घालून टायपायची आणि टायपून झाल्यावर ‘झालं’ म्हणायचं. ‘झालं’ ऐकल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. टायपणाऱ्याने कागदाकडे बघायचं नाही, वाचलं तसंच टायपायचं, हा वामनदादांचा कडक नियम. दोघंही कागदात डोकं घालायला लागले की दोघंही चुकतात, असं ते म्हणायचे.

दुसरी आमची सवय म्हणजे कोरी कॅसेट विकत आणायची नाही. घरातली एखादी जुनी उचलायची, पुसू नये म्हणून तिची खिटी मोडलेली असली तर त्या भोकावर चिकटपट्टी लावायची आणि गाण्यांवर प्रोग्रॅम साठवायचा. तोही एकदा नाही, बाजू भरेपर्यंत पुन्हा पुन्हा, म्हणजे एक खराब झाला तर दुसरा चालेल. इकबाल मुजावरांनी थोरल्या भावाच्या लग्नातल्या सनईवर बुद्धिबळ चढवलं होतं. भाऊ वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते या दोन सवयींमुळेच झालं.

गेल्या मार्चच्या पहिल्या रविवारी वामनदादांची मुलगी रेवती पुण्याहून आली. बावन्न वर्षांची बाई, स्वतःला लवकरच नातवंड होणार, पण त्या दिवशी ती शाळेतून बक्षीस घेऊन आल्यासारखी दारात उभी होती. तिने खुर्च्या सरकवून घेतल्या, आम्हाला बसवलं आणि टेबलावर लहानसा स्पीकर ठेवला.

“बाबा, डोळे मिटा,” ती म्हणाली. “आईचा आवाज आहे.”

वामनदादांची बायको कुमुद १९८८ च्या जानेवारीत गेली. रेवती तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. कुमुदचे फोटो आहेत, पण आवाज कुठेही नव्हता. मी तिला तीन-चार वेळाच पाहिलं असेल. चहाचा ट्रे ठेवून ती आत जायची, त्यामुळे तिचा आवाज मलाही आठवत नाही. रेवतीच्या सख्ख्या मावशीने मात्र तिला लहानपणीच सांगून ठेवलं होतं की आईने एकदा तिच्यासाठी अंगाई टेप केली होती आणि बाबांनी त्याच कॅसेटवर आपला कुठलासा प्रोग्रॅम घातला. या एका गोष्टीचा सल रेवतीने आयुष्यभर जपला, कधी बोलून दाखवला नाही. ती कॅसेट वामनदादांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली होती. मोठ्या पुरात त्या कप्प्यात चिखलाचं पाणी शिरलं आणि मग ती कुठल्याच रेकॉर्डरवर चालेना. तरीही त्यांनी ती टाकली नाही.

स्पीकरमधून एक मऊ, गोड आवाज आला. कुणीतरी अगदी जवळ बसून गुणगुणत होतं. मधेच श्वास घेतल्याचं ऐकू यायचं. इकबालभाईंनी चष्मा काढला. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

गाणं संपलं. रेवतीने वडिलांचा हात हातात घेतला. वामनदादांनी डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाले, “ही कुमुद नव्हे.”

“बाबा?”

“चांगलं गाते. पण ही कुमुद नव्हे.”

रेवतीचा चेहरा मला बघवला नाही. ती स्पीकर पिशवीत घालून आत निघून गेली.

पुसलेला आवाज परत काढायचं हे तंत्र आता सगळ्यांना ऐकून माहीत आहे, पण ते काय करतं ते थोडक्यात सांगते. कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली लोखंडाच्या गंजाची पूड. त्यातला प्रत्येक कण हा एक बारीक चुंबक असतो. आवाज साठवताना रेकॉर्डर या कणांची तोंडं फिरवतो. नवीन आवाज घातला की तोंडं पुन्हा फिरतात आणि जुना आवाज जातो, असं आपण समजतो. पण आमचे रेकॉर्डर स्वस्तातले होते. त्यांचं डोकं फितीवर नेमकं बसायचं नाही, त्यामुळे कडेला केसाएवढ्या पट्टीत जुन्या आवाजाचे कण तसेच राहायचे. पाटी घाईने पुसून वर नवीन लिहिलं तर जुनी अक्षरं जशी पुसट दिसत राहतात, तसंच.

ते पुसट अक्षर वाचायला आता हिऱ्याची सुई निघाली आहे. हिऱ्याच्या टोकाशी कार्बनच्या जाळीत एक अणू नायट्रोजनचा घालतात आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवतात. हिरवा प्रकाश टाकला की हा मुद्दाम ठेवलेला दोष तांबडा चमकतो, आणि जवळ चुंबक असेल तसतशी ती चमक कमीजास्त होते. अशा सुया फितीवरून फिरवल्या की कुठला कण कुणीकडे तोंड करून बसलाय याचा नकाशा मिळतो. त्या नकाशातून वरचा आवाज वजा करायचा. उरतो तो खालचा. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने हे काम लोकांसाठी सुरू केलं आणि लोकांनी माळे रिकामे करून कॅसेटी नेऊन दिल्या. मेलेली माणसं घरोघर बोलायला लागली. रेवतीनेही कप्प्यातली ती कॅसेट तिथेच दिली होती.

आठवड्याभराने रेवतीचा फोन आला. बाबांना मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. ते हल्ली गॅस बंद करायचा विसरत, रस्त्यात थांबून राहत, हे आम्हालाही माहीत होतं. जवळच्या माणसाचा आवाज न ओळखणं हे पुढच्या पायरीचं लक्षण आहे, असं डॉक्टर म्हणाले होते.

“पुण्यात विसरणाऱ्या माणसांसाठी एक स्मृतिनिवास बघितलाय, मावशी. चांगला आहे, बाग आहे. मे महिन्यात नेते त्यांना.”

“ते तयार आहेत?”

“विचारलं तर तू म्हणशील तसं म्हणाले.” मग ती म्हणाली, “गॅस विसरले तर मी समजून घेतलं असतं. पण ते आईलाच विसरले. आता त्यांना इथे एकटं कशाच्या भरवशावर ठेवू?”

मी संध्याकाळी वामनदादांकडे गेले. ते मिहिर उघडून त्याच्या किल्ल्या ब्रशने झाडत बसले होते. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, हात थरथरतो, पण किल्लीवर गेला की स्थिर होतो. मी चहा केला.

“मंदा,” ब्रश खाली ठेवून ते म्हणाले, “त्या कॅसेटवर काय होतं ते मला खरंच आठवत नाही. तिची होती एवढंच आठवतं. आता सगळेच म्हणतायत तर असेलही. मी तिचा आवाज विसरलो असेन का गं?”

मला त्यांचं बोलणं सहन झालं नाही. पन्नास वर्षं हा माणूस त्या बाईच्या मागे दुसरं कुणी घरात न आणता राहिला. मुलीला वाढवलं, डबे केले, वेण्या घातल्या. आणि आता एका स्पीकरच्या सांगण्यावरून तो स्वतःवरच शंका घेत होता. स्मृतिनिवासात जायचं त्याला दुःख नव्हतं. कुमुद आपल्या डोक्यातूनही गेली की काय, याची त्याला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेला फोन लावला. डॉ. इरावती सामंत नावाची तरुण बाई बोलली. उद्धट नव्हती, उलट फारच समजूतदार निघाली, त्यामुळे भांडायला गेलेल्या माझी जरा पंचाईत झाली.

“त्या अंगाईतलं फितीवर मोजलेलं किती आणि तुमच्या यंत्राने भरलेलं किती?” मी विचारलं.

“मोजलेलं अगदी थोडं,” ती म्हणाली. “बाकी भरलेलं. अहवालात लिहिलंय आम्ही.”

“कुठे?”

“शेवटच्या पानावर.”

“आणि अंगाई कुठून आली?”

“ग्राहकाला अपेक्षा काय आहे ते आम्ही विचारतो. रेवतीताईंनी अंगाई सांगितली होती. यंत्र त्या दिशेने भरतं.” मग ती हळूच म्हणाली, “तुटक आवाज कुणालाच नको असतो, मॅडम. आम्ही सुरुवातीला तसेच द्यायचो. लोक परत करायचे.”

अडचण अशी होती की वजा काय करायचं तेच त्यांना नीट ठाऊक नव्हतं. चिखलाने फितीवरचा वरचा आवाज जागोजागी खाल्ला होता. कॅसेटवरच्या चिठ्ठीवरून त्यांनी प्रोग्रॅमचं नाव काढलं, मासिकाच्या जुन्या दिवाळी अंकात तो शोधला आणि त्यावरून वरचा आवाज गणिताने तयार केला. आता मिहिर शून्यासाठी आखूड ठोका वाजवतो आणि एकासाठी लांब. पण प्रत्येक मिहिरचा ठोका थोडा वेगळा आणि प्रत्येक रेकॉर्डरची मोटर आपापल्या लयीत लंगडणारी. गणिताचा ठोका त्याच्यावर बसणार कसा?

“ज्या मिहिरवर तो प्रोग्रॅम टायपला, तो चालू आहे,” मी म्हटलं. “रेकॉर्डरही आहे. आम्ही तोच प्रोग्रॅम पुन्हा टायपून त्याच रेकॉर्डरवर साठवून दिला तर?”

“असं आम्हाला अजून कुणी दिलेलं नाही,” ती म्हणाली. “द्या. मी स्वतः करते.”

एप्रिलच्या रविवारी आम्ही बसलो. इकबालभाईंनी रेकॉर्डरचा पट्टा बदलला, पण मोटरला हात लावला नाही. “लंगडू दे की तिला. तिचं लंगडणंच पाहिजे आपल्याला,” म्हणाले. दिवाळी अंक माझ्याकडे होताच. मी वाचलं, इकबालभाईंनी टायपलं. वामनदादा कोपऱ्यातल्या खुर्चीत ऐकत बसले होते. प्रत्येक ओळीनंतर इकबालभाई ‘झालं’ म्हणत आणि मी पुढे जाई.

प्रोग्रॅम आकाशकंदिलाचा होता. वर षटकोनी कंदील, खाली पाच शेपट्या, आणि वारा आल्यासारखं सगळं डोलणारं. चालवल्यावर पडद्यावर कंदील डोलू लागला. त्या अजागळ चौकोनी ठिपक्यांचा कंदील बघून आम्ही म्हातारे लहान मुलांसारखे खूश झालो.

“हा माझा नव्हे,” कोपऱ्यातून वामनदादा म्हणाले.

“तुमचाच की दादा, अंकातनं उतरवलाय,” इकबालभाई म्हणाले.

“नव्हे,” ते पुन्हा म्हणाले. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि विषय बदलला. कॅसेट भरली आणि पुण्याला पाठवली.

चार दिवसांनी इरावतीचा फोन आला. सुरुवात सुंदर बसत होती, ठोक्यावर ठोका. मग एका जागी सगळं घसरत होतं आणि पुढे शेवटपर्यंत नुसती खरखर. “तुमच्या आणि त्यांच्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी कमीजास्त आहे,” ती म्हणाली. “एक ओळ जरी इकडची तिकडे झाली तरी तिच्यापुढचं सगळं सरकतं.”

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात कप विसळत उभी राहिले. तेव्हा कुठे मला वामनदादांचं ते ‘नव्हे’ आठवलं, आणि स्वतःचा इतका राग आला की हातातला कप तसाच धरून राहिले. मुलगी त्यांचं ऐकत नाही म्हणून मी सगळ्या गावाशी भांडत होते आणि माझ्याच समोर ते बोलले तेव्हा मी विषय बदलला होता.

१९८७ च्या दिवाळीत वामनदादांनी मंडळात हा कंदील दाखवला तेव्हा आम्ही त्यांची रेवडी उडवली होती. त्यांच्या कंदिलाला चारच शेपट्या होत्या. ‘वामनरावांच्या कंदिलाची शेपटी मांजराने नेली’ हे वाक्य मंडळात दोन महिने चाललं. मग जानेवारीत कुमुद गेली आणि ते वाक्य कुणी पुन्हा उच्चारलं नाही. इतकं उच्चारलं नाही की आम्ही ते खरोखरच विसरलो.

मी तशीच त्यांच्याकडे गेले, मिहिर लावला आणि पाच शेपट्यांचा कंदील त्यांच्यापुढे डोलत ठेवला.

“दादा, काय चुकलंय यात?”

त्यांनी बोट पुढे नेलं आणि पडद्यावर डावीकडून दुसऱ्या शेपटीवर ठेवलं. “इथे जागा होती. मोकळी.” मग म्हणाले, “दुरुस्त करायची होती. त्याच दिवसांत कुमुदला दवाखान्यात ठेवावं लागलं. राहिलं.”

अंकात प्रत्येक शेपटीची एकेक ओळ होती. दोनशेपासून दोनशे चाळीसपर्यंत, पाच ओळी, पाच शेपट्या. मी दोनशे दहा क्रमांकाची ओळ काढून टाकली. कंदील पुन्हा डोलू लागला, चार शेपट्यांचा, मधे पडलेल्या दातासारखी फट. वामनदादा हसले.

“हा माझा,” ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी इरावतीचा पुन्हा फोन आला. तिचा आवाज वेगळा होता. “मिळालंय, मॅडम. सगळी बाजू. एक सेकंदही भरलेला नाही.” आणि मग, “पण अंगाई नाही. अंगाई कुठेच नाही.”

“काय आहे मग?”

“तुम्हीच ऐका. मला वाटतं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.”

मी ती फाइल घेतली, पण एकटीने ऐकायचा मला हक्क नव्हता. वामनदादांना जाऊन सांगितलं. त्यांनी अंगणाकडे तोंड फिरवलं.

“तू ऐकलंस?”

“नाही.”

“मग नकोच ऐकूस. रेवूला सांगू नकोस.”

“का म्हणून?”

“ती रोज रात्री ती अंगाई लावते, मंदा. तिची मुलगी बाळंत झाली की बाळालाही ऐकवणार आहे. पोरीला आईचं एवढंच मिळालंय. ते काढून घेऊन मी तिला काय देऊ? मी बरोबर होतो, हे?” ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “मी विसरलो असं समजू दे तिला. पुण्यात बाग आहे म्हणे.”

मी घरी आले आणि इकबालभाईंना फोन केला. ते म्हणाले, दादांचंच बरोबर आहे, दुःखात माणसाला काहीतरी धरायला लागतं. मी त्यांच्याशीही भांडले. एक गोड आवाज ठेवण्यासाठी एक जिवंत माणूस वेडा ठरवायचा, हे मला पटेना. आणि ती खरी बाई, कुमुद, तिचं काय? ती तिथे चिखलात, प्रोग्रॅमच्या खाली, पन्नास वर्षं वाट बघत होती. तिच्या जागी दुसरंच कुणी गात बसलं होतं.

मेच्या पहिल्या रविवारी रेवती गाडी घेऊन आली. मंडळाची शेवटची बैठक म्हणून आम्ही सगळे जमलो होतो. वामनदादांची बॅग दाराशी भरून ठेवली होती. मी आयुष्यात वामनदादांचं बहुतेक सगळं ऐकलं. हे ऐकलं नाही.

“रेवती,” मी म्हटलं, “तू बस. तुझ्या बाबांनी मला हे सांगू नको म्हणून बजावलंय.” आणि मी तिला सगळं सांगितलं. अंगाई यंत्राने भरलेली होती ते, शेवटच्या पानाचं, चार शेपट्यांचं, सगळं. वामनदादा जमिनीकडे बघत होते.

रेवती पांढरी पडली. “मला माहीत होतं ते शेवटचं पान,” ती म्हणाली. “मी वाचलं होतं. मला एकच गोष्ट हवी होती, मावशी. ती मिळाली. ती पण तुम्हाला तपासायची होती?”

मी पिशवी मांडीवर घेतली.

“खरा आवाज या पिशवीत आहे,” मी म्हणाले. “अंगाई नाही एवढंच मला माहीत आहे. तुला नको असेल तर मी परत नेते आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. पण तुझे बाबा आईला विसरले म्हणून त्यांना नेऊ नकोस. दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी ने.”

ती वडिलांकडे बघत राहिली. त्यांनी मान वर केली नाही. मग खुर्चीत टेकत ती म्हणाली, “लावा.”

आधी नुसती खरखर आली. मग एक बाई बोलली. आवाज घोगरा, जाड, सर्दी झाल्यासारखा. जरासा कंटाळलेला.

“ओळ दहा,” ती म्हणाली.

“ही कुमुद,” वामनदादा म्हणाले.

आणि मग आणखी दोन-तीन शब्द बोलून ती गप्प झाली. काही सेकंद काहीच नाही, फक्त लांबवर रस्त्यावरून सायकलची घंटी. मला वाटलं फीत संपली. तेवढ्यात, “ओळ वीस,” आणि त्या ओळीतले आकडे, कॉमासकट, एकेक नीट तोडून. पुन्हा शांतता. इकबालभाईंना आणि मला एकाच वेळी कळलं. आम्ही दिवाळी अंक उघडला. ती कंदिलाचा प्रोग्रॅम वाचत होती. दिवसा स्वतःला वेळ मिळेल तेव्हा तिने वाचून ठेवला होता, म्हणजे संध्याकाळी कामावरून आल्यावर नवऱ्याला एकट्याला टायपता यावं. आणि टायपून झाल्यावर, वाचनाचं काम संपलं म्हणून, आमच्या सवयीप्रमाणे वामनदादांनी त्याच कॅसेटवर कंदील साठवला, बाजू भरेपर्यंत पुन्हा पुन्हा. दोन-तीन महिन्यांत ती जाणार आहे हे कुणाला ठाऊक होतं?

त्या मोकळ्या जागा टायपणाऱ्यासाठी होत्या. यंत्राने नेमक्या त्याच जागा अंगाईने भरून काढल्या होत्या.

“ओळ एकशे नव्वद,” कुमुद म्हणाली, वाचली आणि थांबली.

“झालं,” वामनदादा पुटपुटले. त्यांची बोटं मांडीवर हलत होती.

“ओळ दोनशे. डेटा. चाळीस, कॉमा, बारा.”

“झालं.”

मग कागदाची सळसळ झाली आणि एका लहान मुलाचं काहीतरी बोबडं ऐकू आलं. “रेवू, सोड ते पान,” कुमुद म्हणाली. तोच घोगरा आवाज, पण आता कंटाळलेला नव्हता. “फाटेल ना. बाबांना कंदील करायचाय त्यातनं. सोड, बाळा. ये, इथे मांडीवर बस आणि ऐक. बोलायचं नाही हं.” मूल हसलं. कुमुदला खोकला आला. खोकला थांबल्यावर ती म्हणाली, “ओळ दोनशे वीस.”

माझं बोट अंकात दोनशे दहावर होतं. ती ओळ तिने वाचलीच नाही.

रेवतीने तोंडावर हात धरला होता. हात काढून ती म्हणाली, “ती शेपटी मी तोडली.” आणि ती रडायला लागली, मोठ्याने, पदर नाही, रुमाल नाही, लहान मूल रडतं तशी. वामनदादांनी हात पुढे केला आणि ती त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. बॅग दाराशी तशीच होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

कुमुदने दोनशे वीस वाचली आणि थांबली. शांतता लांबली. वामनदादांचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येईना. रेवतीने त्यांच्याकडे बघितलं, मग स्पीकरकडे.

“झालं,” ती म्हणाली.

“ओळ दोनशे तीस,” तिची आई म्हणाली.